बी साइडचं शेवटचं गाणं

वालूर, ता. सेलू
५ डिसेंबर २०२४

चि. श्रीराम,

आशीर्वाद. उभ्याने वाचत असशील तर आधी बस. आपला ‘सिंगल फेज’ बँड बंद होतोय.

परभणीच्या चार पोरांनी एक्क्याण्णव साली दोन गिटार आणि एक उसना ड्रम घेऊन सुरू केलेला हा बँड तेहतीस वर्षं चालला. आता गायक परमेश्वरचा घसा आणि ड्रमवाल्या बन्सीधरचे गुडघे दोन्ही एकदमच बोलायला लागले म्हणे. शेवटचा कार्यक्रम १२ जानेवारीला, रविवारी दुपारी, परभणीत. त्यात ते एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवणार. कोणता, ते रसिकांनी ठरवायचं. पत्रं मागवली होती. शेवटी दोन अल्बम उरले, १९९४ चा ‘आकडा’ आणि २००३ चा ‘रोहित्र’. प्रत्येकाच्या बाजूने एकाने मंचावर पाच मिनिटं बोलायचं, टाळ्यांवर निकाल. ‘आकडा’साठी माझं नाव पक्कं झालं आहे. ‘रोहित्र’साठी मी तुझं कळवलं. माणसाला हरवायचं तर ओळखीच्याला हरवावं.

तू म्हणशील, दाजींनी फोन का केला नाही. बाबा रे, दोन हजार बाराच्या दिवाळीत तू भरल्या ताटावरून उठलास आणि मी शंकरपाळ्यांचा डबा आपटला, त्या दिवशी तुझ्या बहिणीने घातलेला नियम अजून लागू आहे. या घरात बँडचं नाव मोठ्याने घ्यायचं नाही, भांडायचं तर पोस्टाने भांडा. आता निवृत्त झालो तरी मुख्याध्यापक घरात तीच आहे. हे पत्रसुद्धा तीच भाताची शितं लावून चिकटवेल आणि भाजीला जाताना पेटीत टाकेल.

भाषणाचा शेवट ठरला आहे. बी साइडचं शेवटचं गाणं. त्या बाईचा आवाज! परवा सुमंगला भांडी घासताना तेच गुणगुणत होती. मी म्हटलं, अगं, नको. तुला सूर नाही, चांगल्या गाण्याची वाट लागते. त्यानंतर भांडी जरा जास्त वाजली.

तयारीला लाग. पाच मिनिटांत अठरा मिनिटांच्या गाण्याची बाजू कशी मांडणार आहेस ते देव जाणे.

तुझा दाजी,
व्यंकटराव


चुडावा, ता. पूर्णा
११ डिसेंबर

ती. दाजींना साष्टांग नमस्कार.

बातमी वाचली. दुकान अर्धा तास उघडं टाकून मागे जाऊन बसलो. एक गिऱ्हाईक हरभऱ्याचं बियाणं मागत होतं, त्याला मी फवारणीचं औषध दिलं. नशीब, त्याने पिशवीवरचं वाचलं.

पण मैत्री मैत्रीच्या जागी. ‘रोहित्र’पुढे ‘आकडा’ म्हणजे बालवाडी. चोवीस वर्षांच्या पोरांनी जोरजोरात ओरडायचं आणि त्याला तुम्ही बंड म्हणायचं. ‘रोहित्र’मध्ये माणसं मोठी झालेली आहेत. ते अठरा मिनिटांचं गाणं म्हणजे गावातली डीपी जळाल्यापासून दुसरी येईपर्यंतचे अठरा दिवस, एक मिनिट एक दिवस. नवव्या मिनिटाला जी बासरी येते, ती ऐकून मी दोनदा रडलो आहे. तुम्ही म्हणाल, रॉक बँडमध्ये बासरी कशाला. मग मी म्हणेन, रॉक बँडच्या चाहत्याला बंडी आणि कानटोपी कशाला.

एक विनंती मात्र मनापासून. ते बी साइडचं शेवटचं गाणं भाषणात घेऊ नका. ‘आकडा’मध्ये बी साइडचीच इतर आठ गाणी आहेत, त्यांवर बोला. ते शेवटचं मला कधीच तेवढं जमलेलं वाटलं नाही. आवाज किनरा आहे. लोक हसतील.

अक्काला नमस्कार. तिच्या सुराबद्दल तुम्ही असं बोलू नये, असं माझं आपलं मत.

आपला,
श्रीराम


वालूर
१६ डिसेंबर

चि. श्रीराम,

किनरा! ज्या गाण्यासाठी मी एकोणतीस वर्षं टेपरेकॉर्डर जिवंत ठेवला, त्याला तू किनरा म्हणतोस? मोबाइलवर हा अल्बम मिळतो असं तुझी भाची अपेक्षा पुण्याहून दहा वेळा सांगते. मी ऐकत नाही. तू माझ्या लग्नात स्वतः भरून दिलेली साठची कॅसेट, तुझ्या अक्षरात ‘आकडा’ लिहिलेली, तीच मी ऐकतो. परवाच सेलूहून टेपचा पट्टा नवा आणून बसवला.

आता नीट वाच, कारण हेच मी मंचावर सांगणार आहे. आठवं गाणं संपतं. थोडी शांतता. मग ‘खट्ट’ असा आवाज. लाइट गेली! बँडचं नावच सिंगल फेज, कल्पना बघ. गिटार नाही, ड्रम नाही. अंधारात फक्त एक लोखंडी कुरकुर, एका लयीत, वर-खाली, वर-खाली. गिटारच्या तारेवर लोखंड घासून काढलेला हा आवाज भारतात दुसऱ्या कुणी काढलेला नाही. आणि त्यावर ती बाई:

आला आला पाहुणा गं, डोळ्यावर भिंगं जाड,
पोह्याकडं बघतो बाई, मी बसले पोह्याआड.

साल कोणतं? चौऱ्याण्णव. पाहुणा म्हणजे कोण? परदेशी भांडवल! जाड भिंगं म्हणजे त्यांची हिशेबी नजर. पोहे म्हणजे आपला शेतमाल. त्यांना माल दिसतो, मालामागचा माणूस दिसत नाही. तो ‘पोह्याआड’ बसलेला आहे. श्रीराम, या ओळीला मी दरवेळी चष्मा काढून पुसतो. आणि शेवटी यंत्रातून काढलेला तो रेड्याचा हंबरडा! आख्ख्या ग्रामीण व्यवस्थेचा हंबरडा आहे तो.

या बाईचं नाव कुणाला माहीत नाही. तुझ्या कॅसेटवर तर कुणाचीच नावं नाहीत. मी ठरवलं आहे. मंचावर हे गाणं वाजवायचं आणि परमेश्वरला सर्वांदेखत विचारायचं, ही कोण? ती आज कुठे आहे? हयात असेल तर तिला इथे का बोलावलं नाही? निकाल काय लागायचा तो लागो.

तुझा,
व्यंकटराव


चुडावा
२० डिसेंबर

ती. दाजी,

मी हरलो. ‘आकडा’ हाच सर्वांत चांगला अल्बम आहे. ‘रोहित्र’ लांबलेला आहे आणि बासरी खामखा घातलेली आहे. हे मी पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. मंचावर मी स्वतः तसं सांगतो, म्हणजे तुम्हाला भाषणाचीही गरज नाही आणि टेपरेकॉर्डर परभणीला न्यायचीही नाही. पट्टा नवा आहे, धक्क्याने निसटायचा.

आपला,
श्रीराम


वालूर
२५ डिसेंबर

चि. श्रीराम,

तुझं पत्र वाचून मी सुमंगलाला म्हटलं, तुझ्या भावाला डॉक्टरला दाखव. एकवीस वर्षं जो माणूस बासरीसाठी ताटावरून उठतो, तो चार ओळींत शरण येत नाही. नक्कीच काहीतरी आहे.

तपास तर मी आधीच सुरू केला होता. चारठाण्याच्या एका रसिकाकडे ‘आकडा’ची मूळ, दुकानातून घेतलेली कॅसेट आहे. त्या बाईचं नाव विचारायला त्याला सोळालाच पत्र टाकलं होतं. त्याचं उत्तर आलं की बी साइडला आठच गाणी आहेत, बाई वगैरे कुणी नाही. पुन्हा वाच. बाई नाही! म्हणजे मूळ कॅसेटमधून तिचं गाणं काढून टाकलं. माझ्याकडे आहे ती काढून टाकण्याआधीची प्रत. आणि ती प्रत मला कुणी भरून दिली? तू.

आता सगळं जुळतं. ती बाई तुला माहीत आहे. त्या वर्षी तू सारखा परभणीला जायचास, दाढी वाढवली होतीस, जेवत नव्हतास. सासूबाई काळजी करायच्या. श्रीराम, मी तुला दोष देत नाही. वय असतं. पण तुझ्या जुन्या भानगडीपायी एका कलावंत बाईवर झालेला अन्याय मी झाकून ठेवू? तीस वर्षं मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं मी.

मंचावर मी तुझं नाव घेणार नाही, निश्चिंत राहा. पण तिचं घेतल्याशिवाय खाली उतरणार नाही. तेव्हा ते आधीच कळव.

तुझा,
व्यंकटराव


चुडावा
३० डिसेंबर

ती. दाजी,

हे पत्र लिहिण्याआधी मी आईच्या फोटोपुढे नाक घासलं आहे, कारण शपथ मोडतो आहे. फोन केला असता, पण तुमचा फोन अक्काच उचलते.

भानगड नाही. दाढी वाढवली होती ती बारावीत नापास झालो म्हणून.

पंच्याण्णवच्या जानेवारीत मी जुना टेपरेकॉर्डर आणला. आवाज भरता येतो का बघायला एक कोरी कॅसेट घातली, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि तो परसात हापशाजवळच्या कट्ट्यावर ठेवला. सेल उतरलेले होते. त्यामुळे फीत हळू फिरली आणि नंतर ऐकताना आवाज बारीक, किनरा आला. पुढे मे महिन्यात तुमच्या लग्नात द्यायला म्हणून त्याच कॅसेटवर मित्राच्या कॅसेटवरून ‘आकडा’ भरला. कॅसेट साठची, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. ‘आकडा’ची बी साइड सव्वीस मिनिटांची. उरलेली चार मिनिटं जुनंच तसंच राहिलं. मी शेवटपर्यंत ऐकून बघितलं नाही. ‘खट्ट’ म्हणजे मी बटण बंद केल्याचा आवाज.

ती लोखंडी कुरकुर गिटारची नाही. आमच्या हापशाची आहे, त्याला तेव्हा तेल नव्हतं. रेडा यंत्रातला नाही, आमची म्हैस आहे. आणि गाणारी अक्का आहे. दोन दिवस आधी तुम्ही तिला बघायला आला होतात. जाड भिंगांचा चष्मा लावून पोह्यांची पूर्ण बशी संपवलीत, दुसरी मागितलीत आणि तिच्याकडे मान वर करून बघितलं नाहीत. त्यावर तिने पाणी काढता काढता ते गाणं रचलं. परदेशी भांडवल वगैरे काही नाही. पाहुणा तुम्ही आहात.

लग्नानंतर पहिल्या पंचमीला तुम्ही चुडाव्यात ती कॅसेट लावलीत आणि म्हणालात, “ही बाई कोण हाय रे? काय गळा हाय!” मी सांगणार, तेवढ्यात अक्काने मला हाताला धरून हापशावर नेलं. “आईची शपथ हाय, सांगितलंस तर भाऊबीजेला ओवाळणार न्हाई.” तेव्हापासून गप्प आहे.

हे वाचून कॅसेट घरी ठेवा. दोन हजार माणसांसमोर हसं होईल. तुमचं झालेलं मला बघवणार नाही. अल्बमवरून मी तुम्हाला काहीही बोलेन, ते वेगळं.

आपला,
श्रीराम


वालूर
४ जानेवारी २०२५

श्रीराम,

तुझं पत्र पोस्टमननं माझ्याच हातात दिलं. मी ते उघडून वाचलं आणि तुरीच्या डब्यात ठेवलं. त्यांना दिलं न्हाई. देणार बी न्हाई.

तुमची सगळी पत्रं मी बारा वर्सं वाचते. शितं लावायच्या आधी वाचायचं आणि मग चिकटवायचं. तुला वाटलं मी खामखा पोस्टाचा नियम घातला? तुमी दोघं फोनवर काय बोलता ते मला कसं कळलं असतं?

शपथ का घातली ते तू कधी इचारलं न्हाईस. ऐक. नवीन लग्न झालेलं. ते दिवसभर शाळा, घरी आले की पेपर. मी केलेली भाजी खायचे, बरी हाय म्हणायचे, वाईट हाय म्हणायचे न्हाईत. माणूस चांगला हाय, तक्रार न्हाई. पण ती कॅसेट लागली की डोळे मिटून बसायचे. माझं गाणं हाय म्हणून कळलं असतं तर त्याची बी भाजी झाली असती. बरी हाय, म्हणले असते. परक्या बाईचं म्हणून एकोणतीस वर्सं ऐकले. मी सैपाकघरातून त्यांच्याकडं बघायचे.

तुला सूर न्हाई म्हणतात तेव्हा राग येतो, लय येतो. मग रातच्याला तेच गाणं लावतात आणि राग जातो. असं चाललंय.

आता ते भाषणाची तयारी करायलेत. आरशापुढं उभं राहून “ही कोण? ती आज कुठे आहे?” म्हणतात. मी मागं कपड्यांच्या घड्या घालत असते. श्रीराम, एकदा तरी चारचौघांत माझं कौतुक होऊ दे. त्यांना म्हाईत नसताना केलेलं खरं असतंय. हसले लोक तर हसतील. मी हाय तिथं.

तू भाऊबीजेची काळजी करू नको. पण आता मधी पडू नको.

अक्का


चुडावा
८ जानेवारी

अक्का,

ठीक आहे. पण मला ते डोळ्यांनी बघायची ताकद नाही. दाजींना सांग, माझं पोट बिघडलं आहे. खरंच बिघडलं आहे. ‘रोहित्र’ बिनभाषणाचं राहिलं तर राहिलं.

श्रीराम


वालूर
१८ जानेवारी

चि. श्रीराम,

तुझं पोट बरं असेल अशी आशा. माझं डोकं अजून ठिकाणावर नाही.

मैदान भरलेलं होतं. निम्मे लोक माझ्या वयाचे, काळे टीशर्ट पोटावर ताणून बसलेले. मी चार मिनिटं बोललो, टाळ्या चांगल्या पडल्या. मग माइक टेपरेकॉर्डरला लावला. त्या कुरकुरीनंतर तिचा आवाज आला तेव्हा मागे मिसळीच्या गाडीवरचे लोकसुद्धा इकडे वळले. गाणं संपल्यावर मी परमेश्वरला विचारलं, ही कोण? तो बन्सीधरकडे बघायला लागला, बन्सीधर त्याच्याकडे. मग परमेश्वर माइकवर म्हणाला, “सर, गाणं एक नंबर हाय. पण आमचं न्हाई.”

लोक हसले. मी चिडलो. चारठाण्याची कॅसेट, काढून टाकलेलं गाणं, एका कलावंत बाईवरचा अन्याय, सगळं बोलून टाकलं. पाच मिनिटं कधीच संपली होती. जितका बोललो तितके लोक हसले. चष्मा खाली पडला तो परमेश्वरने उचलून दिला.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून कुणीतरी उठलं. “ओ, बसा आता. त्यो हापसा चुडाव्याचा हाय. आणि रेडा न्हाई, म्हैस हाय ती आमची, चंद्री.”

तुझी बहीण. परमेश्वर हुशार माणूस. त्याने लगेच विचारलं, “ताई, मग पाहुणा कोण?” तिने माझ्याकडे बोट केलं.

तसं हसणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही, पण त्यात पहिल्यासारखी टिंगल नव्हती. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. परमेश्वर तिला म्हणाला, या, दोन ओळी म्हणा. ती म्हणाली, “न्हाई. ह्यांच्या मते मला सूर न्हाई.” असं मैदानाला सांगितलं तिने! एक पोरगी तर ओरडली, “सर, माफी मागा!” मी मागितली. माइकवर मागितली.

‘आकडा’ जिंकला. विरोधात कुणी बोललंच नाही. त्यांनी सगळा अल्बम वाजवला. बी साइडचं आठवं गाणं झाल्यावर बन्सीधरने झांजेवर काडी घासून हापशासारखा आवाज काढला आणि सगळं मैदान बायकांच्या रांगेकडे बघायला लागलं. ती पदर तोंडाला लावून खाली बघत होती. तिच्या केसांत एवढं पांढरं कधी आलं, मला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर तिने तुरीच्या डब्यातून तुझं पत्र काढून दिलं. ते वाचलं. मग तिने तुला काय लिहिलं होतं तेही तिने तोंडी सांगितलं, भाजीचं वगैरे. श्रीराम, मला वाईट वाटलं. फार वाटलं. हे गाणं मी हजारो वेळा ऐकलं. माझ्याच तोंडावर ती मला सांगत होती, बघत नाहीस, बघत नाहीस, आणि मी तिला नागरिकशास्त्र समजावत होतो.

तेव्हापासून मी तिला म्हणतोय, एकदा म्हण. ती म्हणत नाही. म्हणते, तुमी ऐकायला बसलात की गळा धरतोय, ते हापशावरचं गाणं हाय. म्हणून समोरच्या चौकातला बंद पडलेला हापसा मी गावातल्या मिस्त्रीकडून चालू करून घेतला आहे. रोज सकाळी जाऊन मीच हापसतो. घरात नळ आहे, पाणी नको आहे. बादल्या, घागरी, पिंप, सगळं भरलं. शेजारच्या पंचफुलाबाई विचारत होत्या, सर, घरात काही कार्य आहे का. मी म्हटलं, आहे. कुरकुर हवी म्हणून मिस्त्रीला तेल घालू दिलेलं नाही.

ती खिडकीतून बघते. अजून गायलेली नाही.

आणि हो, ‘रोहित्र’ मी काल पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकला. नवव्या मिनिटाची बासरी चांगली आहे. पण ‘आकडा’ तो ‘आकडा’च. माझ्या कॅसेटमधला.

तुझा,
पाहुणा


वालूर
२४ जानेवारी

श्रीराम,

पोस्टकार्डच टाकते, चिकटवायचं काम न्हाई. तुझ्या दाजीला सांग, हापसा पुरे. चौकात चिखल झालाय आणि त्यांची पाठ धरलीय. रोज शेक देऊन मी बेजार झाले. माझं ते ऐकत न्हाईत. म्हणतात, तू गायलीस की बंद करतो.

आज सकाळी ते चौकात हापसत व्हते, तेव्हा मी इकडं दार लावून म्हणून बघितलं. गळा बसलाय, पण सूर हाय. एक कडवं नवीन जोडलं:

तीस वर्सं झाली गं, भिंगं झाली आणखी जाड,
पाहुण्याला दिसले बाई, आता कुठं पोह्याआड.

हे त्यांना अजून म्हाईत न्हाई. हापसा पुरे म्हणून एवढ्यात सांगू नको, अजून दोन-चार दिवस हापसू दे. तू काय बोललास तर भाऊबीज बंद.

अक्का